सीलबंद खोलीतली आत्या

बेलिफाने आत्याच्या खोलीला कुलूप घातलं, कुलपाभोवती कापडाची पट्टी गुंडाळली, पट्टीवर लाख ओतली आणि लाखेवर कोर्टाचा शिक्का दाबला. मग हात झटकत तो बारकीला म्हणाला, "निकाल लागेपर्यंत हे दार कुणी उघडायचं नाही. आत जे काही आहे ते आता कोर्टाच्या ताब्यात."

"आत आत्या आहे," बारकी म्हणाली.

"गेल्या ना त्या? त्यासाठीच तर हे सगळं."

"गेली. पण आहे."

बेलिफाने असली घरं पुष्कळ पाहिली असावीत. तो वाद घालत बसला नाही. "असू देत. त्यांना कुलपाची काय अडचण," म्हणाला आणि चहाला न थांबता पायऱ्या उतरला.

बारकीने पन्नाशी ओलांडली होती, तरी गावासाठी ती बारकीच. लहानपणी आई गेली तेव्हा बापाने तिला आपल्या बहिणीकडे आणून सोडलं. "चार दिवस राहू दे," म्हणाला. ते चार दिवस अजून चालूच होते. आत्या गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे मोठ्यातल्या मोठ्या माणसालाही ती भर रस्त्यात ऐकवायची, "तू पायाळू आलास ना, तेव्हाच मी ओळखलं होतं." बारकीला ते काम जमलं नाही. रक्त दिसलं की तिचे हातपाय गार पडत. मग आत्याने तिला पुढच्या खोलीत टेबल मांडून दिलं, त्यावर जुनं ब्लँकेट अंथरलं आणि कोळशाची जड इस्त्री हातात दिली. "माणसं बाहेर काढायचं मी बघते, तू त्यांच्या सुरकुत्या काढ."

तेव्हापासून बारकी सुरकुत्या काढत होती. तिच्या लग्नाचं दोनदा निघालं, दोनदा बारगळलं. तिसऱ्यांदा कुणी काढलं नाही आणि तिनेही कुणाला आठवण करून दिली नाही. शेवटी शेवटी आत्याचे पाय गेले, तेव्हा तिला उचलून न्हाणीत नेणं, भरवणं, रात्री कूस बदलून देणं, सगळं बारकीनेच केलं. आत्याने शुद्धीत असताना मृत्युपत्र केलं होतं, घर बारकीला. साक्षीला दोघांना घेतलं होतं, पोस्टमनची सही आणि खुर्च्या विणणाऱ्या वेतवाल्या काकांचा अंगठा.

बारकीला वाटलं, कागद दाखवला की काम झालं. पण तालुक्याच्या कोर्टातल्या वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्र असणं वेगळं आणि ते शाबीत होणं वेगळं. कोर्ट जाहीर नोटीस काढणार. कुणी हरकत घेतली, तर साक्षीदाराने उभं राहून सांगायचं, की बाईंनी माझ्यासमोर सही केली, मी पाहिली."

"आणि नाही सांगता आलं तर?"

"तर हा कागद नसल्यासारखा. मग घर जाणार त्यांच्या सावत्र मुलाकडे. कायद्याच्या रांगेत तो आधी, भाची फार मागे."

"माझ्यावर कोण हरकत घेणार," बारकी म्हणाली होती. हरकत दादाचीच आली.

दादा म्हणजे आत्याच्या नवऱ्याचा पहिल्या बायकोपासूनचा मुलगा. आत्या लग्न होऊन आली तेव्हा तो रांगत होता. तिने त्याला पोटच्यासारखा वाढवला, शिकवला, आणि शिकला तसा तो लांबच्या शहरात गेला. वर्षाकाठी यायचा, मग दोन वर्षांनी, मग यायचाच नाही. आत्याच्या मयताला आला तेव्हा मांडीवर बॅग घेऊन बसला होता, पाहुण्यासारखा. जाताना बारकीला म्हणाला, "काही लागलं तर कळव." कळवायची वेळ आलीच नाही. त्याच्या वकिलाचंच कळवणं आलं. हरकत आली म्हणून खोलीला सील लागलं, आणि बारकीचं अंथरूण इस्त्रीच्या टेबलाखाली आलं.

सील लागल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी बारकी मास्तरांच्या शर्टावर पाणी शिंपडत होती. आतून आवाज आला, कर्र. जरा थांबून पुन्हा, कर्र. तो आत्याच्या वेताच्या खुर्चीचा आवाज होता. आत्या बसताना आधी डावा हात टेकायची, तेव्हा एक. मग अंग सोडायची, तेव्हा दुसरा. बारकी ऐकत राहिली आणि इस्त्री कॉलरवर तशीच राहिली.

शर्ट न्यायला आलेले मास्तर कॉलरला पडलेल्या भोकात बोट घालून म्हणाले, "आत्या असती तर तुला सोडली नसती."

"तिनेच जाळला," बारकी म्हणाली, आणि त्यांना घरातला एक चांगला शर्ट शोधून दिला. तो दादाचा जुना होता. मास्तरांना घट्ट बसला, पण त्यांनी तो नंतर रोज घातला.

आवाज रोज यायला लागला. दिवेलागणीला, ठरलेल्या वेळी. बारकी आधी घाबरली, मग चिडली, मग बोलायला लागली. दाराशी पाट टाकून बसायची आणि लाखेच्या शिक्क्याकडे बघत सांगायची, "आज तारीख पडली गं. वकीलबाई म्हणतात पुढच्या महिन्यात. खिडकीवरचा कारकून म्हणतो, दाखल्याची प्रत आणा. दिली, तर म्हणतो, ही नव्हे, तशी. मेल्याच्या दाखल्यातसुद्धा ह्यांना तशी आणि अशी लागते. तू मेलीस हे मला पुन्हा पुन्हा शिक्का मारून सिद्ध करायचं, आणि घरी आले की तू आपली खुर्चीत." आतून कधी उत्तर येत नसे. जिवंतपणी हीच आत्या शेजारच्या भांडणातसुद्धा तोंड घालायची.

हळूहळू गिऱ्हाइकं उंबऱ्यावरूनच गाठोडी टाकायला लागली. शेजारीण म्हणाली, "बारके, कुणाला तरी दाखव हे घर."

"दाखवलंय की. कोर्टाला."

शेवटी तिने वेतवाल्या काकांना बोलावलं. आत्याची खुर्ची नव्याने विणली ती त्यांनीच, ज्या दिवशी मृत्युपत्रावर सह्या झाल्या त्याच दिवशी. पोस्टमन आत्याच्याही आधी गेला होता, म्हणजे साक्षीदार म्हणून आता एकटे काकाच. काका आले, नेहमीसारखा एक हात भिंतीला लावत, खांद्यावर वेताची जुडी. सीलबंद दारावर तळहात टेकवून उभे राहिले.

"अगं, नवा वेत आहे," ते म्हणाले. "हवेतली ओल धरतो, ताणतो, सैल पडतो. बोलणारच."

बारकीला हायसं वाटलं. तिने चहा टाकला. पण चहा होईस्तोवर दिवेलागण झाली आणि आतून आवाज आला, एक आणि मग दुसरा. काकांच्या हातातला कप तोंडाशीच थांबला.

"काका?"

"वेत असा नाही बोलत, बारके. हे कुणीतरी बसलं."

"मग?"

"मग काही नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "उठल्याचा आवाज मात्र आला नाही."

काका गेल्यावर बारकी दाराशी बसून राहिली. खरंच, तिने उठल्याचा आवाज कधीच ऐकला नव्हता. आत्या रोज संध्याकाळी येऊन बसत होती. न उठता पुन्हा बसत होती. तिने पाट उचलला आणि टेबलाखाली जाऊन डोक्यावरून चादर ओढून घेतली. पण डोळ्यांसमोर सारखं तेच येत राहिलं, अंधाऱ्या खोलीत सगळ्या आजवरच्या संध्याकाळच्या आत्या शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि निकाल लागेपर्यंत एकीलाही उठता येत नाही.

साक्षीचा दिवस आला. बारकी आणि काका पहिल्या एसटीने तालुक्याला गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीशी बाक आणि खुर्च्या होत्या, त्यांवर माणसं फायली छातीशी धरून बसलेली. पलीकडच्या टोकाला दादा उभा होता. केस पांढरे झाले होते, पण उभं राहायची ढब तीच, एका पायावर भार देऊन. बारकीने मान हलवली, त्यानेही हलवली.

वकीलबाई घाईघाईने आल्या. "काका, आत गेल्यावर तुम्हाला हा कागद दाखवतील. विचारतील, ही सही कुणाची. एकदा बघून ठेवा." त्यांनी कागद काकांच्या हातात दिला. काकांनी तो नीट दोन्ही हातांनी धरला आणि समोर भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. कागद उलटा होता.

वकीलबाईंनी कागदाकडे पाहिलं, मग काकांच्या डोळ्यांकडे, मग बारकीकडे. "ह्यांना दिसत नाही?"

"नाही," बारकी म्हणाली. "जन्मापासून."

"आणि तुम्ही मला हे आज सांगताय?"

काका आंधळे आहेत हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत असून वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात नव्हतं. काका चालीवरून माणूस ओळखायचे, शेतातून, पुलावरून एकटे यायचे, विणलेल्या खुर्चीत त्यांची एक वीण चुकायची नाही. पोरी नवे कपडे घालून त्यांच्यापुढे उभ्या राहायच्या, "काका, कसा दिसतो?" आणि काका म्हणायचे, "तुझ्या नाकापेक्षा बरा." बारकी स्वतः त्यांना म्हणायची, काका, उजेडाला बसा. आत्याने, जिने गावातली एकेक नाळ बांधली, तिनेही सहीच्या दिवशी घरात होते म्हणून त्यांनाच साक्षीला घेतलं. आणि पोस्टमन शेजारी बसून सही करून गेला, त्यालाही काही वाटलं नाही.

वकीलबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "पाहिल्याशिवाय साक्ष होत नाही. त्यांना खोटं बोला असं मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. काय ते तुमचं तुम्ही ठरवा. पाच मिनिटांत पुकारा होईल." आणि त्या आत गेल्या.

काका हळूच म्हणाले, "मी म्हणतो ना पाहिलं म्हणून. पेन खरखरलं, तिने श्वास सोडला, म्हणाली 'झाली एकदाची'. एवढं सगळं ऐकलं, त्यात पाहायचं काय राहिलं? मी पायऱ्या मोजून चढेन, कागद सुलटा देतील, मी बोट ठेवेन. ह्यांना काय कळतंय."

"दादाला माहीत आहे."

"दादा लहानपणी माझ्या खांद्यावर बसून ओढा ओलांडायचा. 'काका, पुढे दगड,' म्हणायचा. पण आज बोलेलच असं नाही. तोही गावचाच. विसरला असेल."

बारकीच्या डोळ्यांपुढे घर आलं, टेबलावरचं ब्लँकेट, इस्त्रीच्या बुडाचे करपलेले डाग. ह्या वयात गाठोडं घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं? तेवढ्यात शेजारची रिकामी खुर्ची वाजली. एक, आणि मग दुसरा. व्हरांड्यात एवढी माणसं, कुणी मान वळवली नाही. काकांनी मात्र वळवली.

"आली का?" काकांनी विचारलं.

"आली," बारकी म्हणाली. तिने खुर्चीकडे पाहिलं नाही. मनातच म्हणाली, सांग की गं आता काहीतरी. हो म्हण, नाही म्हण. जन्मभर सांगत आलीस, भाजीत मीठ किती इथपासून, आणि आज नेमकी मुकी.

आत्या काही बोलली नाही. पण बारकीच्या मनात एवढं आलं, की न्यायाधीशांना एकदाच तोंड द्यायचंय आणि त्या खुर्चीला रोज. खोटं बोलून मिळवलेल्या घरात दिवेलागणीला त्या दाराशी बसून काय सांगायचं?

"काका," ती म्हणाली, "झालं तेच सांगा."

"घर जाईल, बारके."

"जाऊ दे. नाहीतरी त्यात माझ्यापेक्षा तिचीच वर्दळ जास्त."

पुकारा झाला. काका कठड्याला धरून उभे राहिले. दादाच्या वकिलाने विचारलं, "बाईंनी तुमच्यासमोर सही केली?"

"माझ्यासमोर केली. ऐकली मी."

"ऐकली?"

"मला दिसत नाही, साहेब."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग तुम्हाला साक्षीदार का घेतलं?"

"घरात मीच होतो, साहेब. खुर्ची विणत होतो."

मागे कुणीतरी हसलं आणि खोकल्याने झाकलं. न्यायाधीशांनी बारकीकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, साहेब. ध्यानात नव्हतं."

"आणि तुम्हाला?" त्यांनी दादाला विचारलं.

दादा उभा राहिला. कान लाल झाले होते. "माहीत होतं. पण... आत्ता आठवलं."

न्यायाधीश चांगले होते. त्यांनी पुष्कळ वेळ कागद चाळले, जणू त्यात कुठे तरी दुसरा साक्षीदार सापडेल. मग म्हणाले, सही खरी असेल, इच्छाही खरी असेल, पण पाहणारा साक्षीदार उरला नाही, तेव्हा मृत्युपत्र शाबीत होत नाही. कायद्याप्रमाणे घर मुलाचं.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "मी लगेच काढत नाही तुला. सावकाश बघ."

"तूही सावकाश ये," बारकी म्हणाली. "घर ओसाड नाही."

तो आला तो बेलिफाबरोबरच. बेलिफाने सील फोडलं, लाखेचे तुकडे जमिनीवर पडले, दार उघडलं. आत बंद हवेचा वास, पलंग, कपाट आणि खिडकीशी वेताची खुर्ची. खुर्चीवर धूळ नव्हती. बेलिफाने ते पाहिलं आणि कागदावर सही घेऊन झटकन निघाला. जाता जाता बारकीला म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, कुलपाची काय अडचण."

दादा पलंगावर बसला. बारकी पुढच्या खोलीत गाठोडी बांधायला लागली. दिवेलागण झाली आणि आतून आवाज आला, कर्र, आणि पुन्हा कर्र. ती दारापाशी गेली. दादा जिथे होता तिथेच होता. खुर्ची त्याच्या समोर.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

"काय?"

"आत्ता. बसली ती."

दादाने खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मला काही ऐकू आलं नाही."

"रोज येते. अख्ख्या गावाला माहीत आहे."

"मला माहीत आहे ते. गावातून शहरात आलेला प्रत्येक जण सांगतो मला, तुझी आई खुर्चीत येऊन बसते म्हणून." त्याने हात गुडघ्यांत दाबले. "तुला वाटलं मला घर हवं होतं? माझं तिथे घर आहे. कागदात माझं नाव नव्हतं गं. एक ओळ नाही. तिने मला पाठुंगळीला बांधून बाळंतपणं केली, लोकं सांगतात. आणि एक ओळ नाही."

"तू आला नाहीस."

"नाही आलो. म्हणून काय नाव पुसायचं?"

"ते तिलाच विचार. समोर बसली आहे."

तो बराच वेळ खुर्चीसमोर बसून राहिला. मग उठून बाहेर आला आणि अर्ध्या बांधलेल्या गाठोड्यांकडे पाहून म्हणाला, "हे सोड. तू राहा इथे."

"कायमची?"

"मला ऐकू येईपर्यंत. मी येत जाईन शनिवारी. तुझं काम चालू असताना येत असेल ती. एकदा ऐकू आलं, एकदाच, की माझं मन मोकळं. मग घराचं काय ते बघू. विकेन बहुतेक."

बारकीने गाठोडी सोडली. शनिवारी दादा येतो, पलंगावर बसतो, खुर्चीकडे बघतो. बारकी पुढे इस्त्री फिरवते. दिवेलागणीला आवाज होतो. तो तिथूनच विचारतो, "आज?"

"आत्ताच झाला," ती खरं सांगते.

"नाही आला मला," तो म्हणतो. जाताना तिच्याकडचे आपले शर्ट घेतो, धुऊन इस्त्री केलेले, आणि एसटीला उशीर होतोय म्हणतो.

तो गेला की बारकी कोळसे विझवते आणि आत जाते. खुर्ची खिडकीपासून जरा मागे सरकवते, बसणाऱ्याला सकाळचं ऊन लागू नये तशी. शहरातल्या त्या पांढऱ्या केसांच्या पोराचं तिला वाईट वाटतं. तो ज्यासाठी इतक्या लांबून येतो, ते त्याला मिळालं तर ती बेघर. दोघांचं एकदम भलं होण्यासारखं काही तिला सुचत नाही, आणि आत्या तर अजून बोलत नाही.

मग ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवते, जसा आत्याच्या खांद्यावर ठेवायची. "त्याला एक दिवस ऐकू दे गं," ती म्हणते. "लेकरू आहे तुझं. पण घाई करू नकोस."